एप्रिलमधला बर्फ आणि सुवर्णाताई

सुवर्णाताईंना संशय घ्यायला कुणी शिकवलं नव्हतं. शॉमबर्गजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. रिपोर्ट पुढे पाठवण्याआधी तपासणी पुन्हा करून बघायची त्यांची खोड तिथे सगळ्यांना माहीत होती. पुढे रिटायर झाल्या, यजमान गेले, मुलगी उर्वी लग्न होऊन नेपरव्हिलला राहायला गेली, पण खोड काही सुटली नाही. कुणी घाईने काही सुचवलं की त्यांच्या मनात पाल चुकचुकायचीच.

एप्रिलमधल्या एका सकाळी उर्वीचा फोन आला.

"आई, न्यूज बघितलीस का? उद्या आइस स्टॉर्म आहे. बॅग भरून ठेव, मी संध्याकाळी तुला पिकअप करते."

सुवर्णाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं, डॅफोडिल फुलले होते.

"एप्रिलमध्ये?"

"हो, एप्रिलमध्ये! आणि कपडे जरा जास्त घे. औषधं पण सगळी."

तिथेच त्यांना खटकलं. एका दिवसाच्या वादळाला जास्त कपडे कशाला? गेल्या महिन्यात त्या लेकीकडे जेवायला गेल्या होत्या, तेव्हा आतल्या खोलीत ती फोनवर हळू आवाजात कुणाला तरी सांगत होती, "आई कधीच ॲग्री करणार नाही. एकदा त्या घरातून बाहेर पडली ना, की मग बघता येईल." ते वाक्य तेव्हापासून त्यांच्या कानात बसलं होतं.

त्यांनी टीव्ही लावला. उत्तरेकडे भरपूर स्नो, दक्षिणेकडे नुसता पाऊस आणि मधल्या पट्ट्यात बर्फाचा जाड थर, असा अंदाज होता. पट्टा शॉमबर्गवरूनच जात होता; नेपरव्हिल खाली, पावसाच्या बाजूला होतं. "ही रेघ अजून वर-खाली सरकू शकते," हवामान सांगणारा हसत म्हणाला. म्हणजे ह्यालाही खात्री नाही! मार्चमध्ये ह्याच गृहस्थाच्या बोलण्यावरून शाळा बंद ठेवल्या होत्या आणि पडले काय, तर चार शिंतोडे.

"मी येत नाही," त्यांनी उर्वीला कळवून टाकलं.

दुपारी दारात शेजारचा वॉल्टर उभा राहिला. ऐंशीच्या घरातला एकटा माणूस. इतक्या वर्षांत हात हलवण्यापलीकडे त्याची ओळख नव्हती. आज मात्र टॉर्च आहे का, घोंगड्या आहेत का, अशी चौकशी करत होता. जाता जाता म्हणाला, "मुलीकडे गेला असतात तर बरं झालं असतं."

मुलीने बोलावलंय हे ह्याला कुणी सांगितलं? सुवर्णाताईंनी दार लावलं ते कडीसकट. पाणी कुठे मुरतंय ते त्यांना आता स्वच्छ दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साधाच पाऊस होता. "बघ, तुझं वादळ," त्या उर्वीला फोनवर टोमणा मारून मोकळ्या झाल्या. पण दुपारकडे थेंबांचा आवाज बदलला. काचेवर वाळू फेकल्यासारखी तडतड सुरू झाली. झाडाच्या फांद्या काचेच्या झाल्या, कुठेतरी एक कडाडून मोडली आणि दिवे गेले. हीटरही थंड पडला.

पडद्याआडून त्यांना वॉल्टर दिसला. बादली घेऊन, भिंत धरत त्यांच्याच पायऱ्यांकडे येत होता. दारावर थाप पडली. त्या हलल्या नाहीत. आता हा उर्वीला सांगणार, म्हातारी अंधारात बसलीय, घेऊन जा. थाप थांबली. तो बादलीतलं बर्फ वितळवायचं मीठ पायऱ्यांवर टाकू लागला आणि बघता बघता त्याचे पाय वर गेले.

सुवर्णाताईंनी आधी ९११ला फोन लावला. मग दार उघडून पायरीवर सतरंजी पसरली आणि तिच्यावरून बसत, घसरत त्याच्यापर्यंत पोचल्या. त्याला उचलणं शक्यच नव्हतं. त्यांनी आपली रजई त्याच्यावर घातली आणि डोक्यावर छत्री धरून शेजारी बसल्या. ॲम्ब्युलन्स लवकर येईना.

"तुमच्या मुलीनेच सांगितलं होतं," वॉल्टर कण्हत म्हणाला. "लक्ष ठेवा म्हणून."

"मला माहीतच होतं!"

"मग दार का नाही उघडलंत?"

सुवर्णाताईंनी छत्री त्याच्या बाजूला आणखी सरकवली.

रस्ते मोकळे झाल्यावर उर्वी आली. वॉल्टरचं खुब्याचं हाड मोडलं होतं. घरात अजून वीज नव्हती. कोट अंगात ठेवूनच मायलेकी समोरासमोर बसल्या.

"फोनवर कुणाशी बोलत होतीस त्या दिवशी? मी ऐकलंय."

उर्वीचा चेहरा उतरला. "आमच्या घराजवळ सीनियर अपार्टमेंट्स आहेत. मी बघून आले. तुला सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. पण भांडण तरी समोरासमोर झालं असतं. वादळाच्या आडून कशाला?"

"आई, वादळ खरं होतं गं! मी खरंच घाबरले होते."

"तेच तर. दोन्ही खरं होतं. कळावं कसं माणसाला?"

उर्वी रडली. सुवर्णाताईंनी तिला जवळ घेतलं, पण तिच्याकडे जाताना बॅगेत कपडे मोजकेच भरले. वीज आल्याबरोबर त्या घरी परतल्या. मोडलेलं हाड सावरेपर्यंत व्यायाम करून घेणाऱ्या सेंटरमध्ये वॉल्टर राहत होता तोवर त्याच्यासाठी मऊ खिचडी घेऊन जात राहिल्या. त्याला ती फारशी आवडत नसे, तरी तो खाई.

मे महिन्यात एक दिवस लेकीला न सांगता त्या एकट्याच बस बदलत ती अपार्टमेंट्स बघायला गेल्या. नळ सोडून पाहिले. लिफ्टने दोनदा वर-खाली केलं. मॅनेजरबाई फारच गोड बोलत होती, ते काही त्यांना आवडलं नाही. मग तिची नजर चुकवून व्हरांड्यात बसलेल्या एका म्हातारीला त्यांनी गाठलं आणि विचारलं, "खरं सांगा, इथं कसं आहे?"

म्हातारी शेजारची खुर्ची दाखवत म्हणाली, "बसा. वेळ लागेल सांगायला."

सुवर्णाताई बसल्या.