मागून येणारी

मंडईत मेथीची जुडी निवडताना सुनंदाताई सारखी डाव्या खांद्यावरून मागं बघत होती. आमच्या शेजारची ही ताई देशाच्या महिला फुटबॉल संघात वर्षानुवर्षं बचावाला खेळली. खेळ सोडूनही आता बराच काळ लोटला.

"कोण आहे गं ताई मागं?" मी विचारलं.

"कोणी नाही. बॉल समोर असतो, पण गोल मारणारी मागून येते. मान वळवत राहायची असते. एका मॅचला नाही वळवली, आणि ती शेजारून पळत गोलकडं गेली."

किती जणींना तिनं अडवलं असेल! त्या कुणाच्याच लक्षात नाहीत, तिच्याही नाहीत. न झालेले गोल कोण आठवणार? बचावाला उभं राहणाऱ्याच्या वाट्याला निसटलेलं तेवढंच उरतं, आणि ते कधी म्हातारं होत नाही.

पिशव्या घेऊन आम्ही घराकडं निघालो. भर दुपारची गल्ली सुनसान होती. ताईनं पुन्हा मागं पाहिलं. मग तिची नजर हळूहळू आमच्या शेजारून पुढं सरकत कोपऱ्यापर्यंत गेली, जणू कुणी पळत निघून जात होतं.

"गेली?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"रोज जाते," ताई म्हणाली.