ठरावाचं अक्षर

पाळकसाहेब रोज सकाळी बूट पॉलिश करताना आपल्या ख्रिस्ती मंडळीसाठी प्रार्थना करायचे. गल्लीच्या तोंडाचं शिंप्याचं घर पहिलं, मग दोघी बहिणींचं, मग शाळेच्या मुख्याध्यापकांचं. घरागणिक ब्रशचे चार फटकारे. करवत-कारखान्याच्या मालकाचं घर आलं की ब्रश जास्त जोरात फिरायचा. स्वयंपाकघरातून पाळकबाईंना तो आवाज ऐकू यायचा आणि बरं वाटायचं. आपल्यासारखंच यांच्याही पोटात जळतंय, एवढा तरी आधार.

चौतीस वर्षं त्यांनी एकच लूथरन मंडळी सांभाळली. ज्यांचा बाप्तिस्मा केला त्यांचीच लग्नं लावली आणि त्यांच्या आईबापांना माती दिली. घरी तिन्ही मुलांची पुस्तकं तेच शिवायचे, थोरलीच्या वेण्याही तेच घालायचे. वेण्या वाकड्या व्हायच्या. घंटा वाजवणारा म्हातारा म्हणायचा, "पाळकसाहेब देवळात तासभर बोलतात, घरी मात्र फक्त आमेन!" पाळकबाई पदराआड हसायच्या.

मग थोरली लग्नाआधीच बाळंत झाली. मूल दीड दिवस जगलं. पाळकसाहेब परगावच्या उपासनेला गेले होते. अडीअडचणीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे पाळकबाईंना पाठ होतं. पण त्यांनी मुलाच्या आजोबांची वाट पाहिली. ते आले तेव्हा बाळ गार झालं होतं.

करवतवाले तेव्हा मंडळीच्या पंचांचे अध्यक्ष होते. बाप्तिस्मा नाही तर मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही, असा त्यांनी बैठकीत ठराव करून घेतला. बाळाला भिंतीपलीकडे, गावाच्या जागेत पुरलं. थोरली महिन्याभरात घर सोडून गेली.

"मला बैठकीतून बाहेर बसवलं होतं," पाळकसाहेबांनी तेव्हा सांगितलं होतं. "माझं काही चाललं नाही."

पाळकबाईंनी ते धरून एकोणीस वर्षं काढली. करवतवाल्यांना नमस्कार करताना त्यांचे हात जुळायचे, दात मात्र आवळलेलेच असायचे.

शेवटी करवतवाले अंथरुणाला खिळले आणि घरी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावाची भाकर, मागितलं. गीत म्हणायला पाळकबाईही बरोबर गेल्या. बाहेरची करवत मुद्दाम बंद ठेवली होती. खोलीत ओल्या लाकडाचा वास होता. उशाशी सून उभी होती.

"पापं कबूल करता?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"करतो. कळत-नकळत केलेली सगळी."

विधीप्रमाणे तेवढं पुरतं. पण पाळकबाई मध्येच म्हणाल्या, "एवढ्यावर नाही भागणार. भिंतीपलीकडच्याचं काय, ते तोंडाने सांगू दे."

सून दचकली. पाळकसाहेबांनी खाली पाहिलं. करवतवाले खोकत खोकत हसले.

"सांगतो की, बाई. मी म्हणालो, जागा नाही. चुकलो. पण लिहिलं कुणी, ते विचारलंत? ठरावाची वही काढा, अक्षर बघा. मी तीनदा म्हटलं, पाळकसाहेब, तुमचं काय म्हणणं? हे म्हणाले, मंडळीची इच्छा तीच माझी. आणि लेखणी उचलली."

पाळकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एक 'नाही' त्यांना पुरलं असतं. पाळकसाहेबांनी घाईघाईने पापक्षमेचे शब्द म्हटले, एखाद्या पोराने न समजता धडा म्हणावा तसे, आणि भाकर मोडली. गीत म्हणायची वेळ आली तेव्हा पाळकबाईंनी गीतांचं पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "बाहेर बसवलं होतं ना तुम्हाला?"

"घर मंडळीचं होतं गं. धाकटे दोघं शाळेत. कुठे गेलो असतो?"

"हे तेव्हा सांगितलं असतंत, तर मीही तुमच्याबरोबर गप्प बसले असते. तुम्ही मला एकोणीस वर्षं चुकीच्या माणसाच्या रागात जाळलंत."

"मग आता काय करू?"

"देवळात उभे राहून सांगा. ज्या तोंडाने लपवलंत त्याच तोंडाने. तोवर तुमच्या हातची भाकर मला नको."

पुढच्या रविवारी सगळ्या बायामाणसांनी वेदीच्या कठड्यापाशी जाऊन प्रभुभोजनासाठी गुडघे टेकले. पाळकबाई तिसऱ्या बाकावर बसून राहिल्या, हात मांडीवर. पाळकसाहेब त्यांच्यासाठी एक तुकडा जास्तीचा ठेवायचे. रांग संपली की क्षणभर थांबायचे आणि मग तो तुकडा स्वतःच खायचे. हे अकरा वर्षं चाललं. घरात सगळं जागच्या जागी होतं. शर्टाला इस्त्री होती, वेळेवर जेवण होतं, तापात कपाळावर पट्टीही होती. फक्त रविवार त्यांनी दिला नाही. मंडळीत कुजबूज व्हायची. पाळकबाईंना ती गोड लागायची.

निवृत्तीच्या वेळी निरोपाच्या उपासनेत पाळकसाहेब छपराच्या गळतीवर बोलले, शिंप्याने शिवलेल्या झग्यावर बोलले, सर्वांचे आभार मानले. पाळकबाई शेवटच्या गीतापर्यंत वाट पाहत होत्या. गीत संपलं.

दोन वर्षांनी पाळकसाहेबांना अर्धांगवायू झाला. थोरली आली, बत्तीस वर्षांनी. बापाजवळ ती फारसं बोलली नाही. औषधं मात्र वेळेवर द्यायची. एके दुपारी नवे तरुण पाळक प्रभुभोजन घेऊन आले. त्यांनी आजाऱ्याला भाकर दिली आणि अवघडून पाळकबाईंकडे पाहिलं. या घेत नाहीत, हे त्यांच्याही कानावर आलं होतं.

"मलाही द्या," पाळकबाई म्हणाल्या.

त्या पलंगासमोर, नवऱ्याला नीट दिसेल अशा बसल्या. परक्याच्या हातून भाकर घेतली आणि नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून सावकाश चावली. तेरा वर्षांत त्याला जे दिलं नव्हतं, ते दुसऱ्याला देताना त्याला बघावंच लागलं. पाळकसाहेबांनी नजर वळवली नाही. पाळकबाईंनाच ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्या हटून बघतच राहिल्या.

पाळकसाहेबांनी चांगला हात उचलून लेकीला खूण केली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले.

"आईला पाणी दे गं. तिला कोरडं गिळवत नाही."