कार्बनला गेलेला तडा

सुलभा नेरकरच्या सायकलची सीट तीन ठिकाणी फाटली होती आणि आतल्या स्पंजचा कधीच भुगा झाला होता. ईडन प्रेरी गावातल्या एका शाळेच्या किचनमध्ये ती काम करायची. शाळा घरापासून तीन मैल. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही, कारण लग्नानंतर अमेरिकेत आली तेव्हाच उल्हास म्हणाला होता, "तो तुझा प्रांत नाही." बर्फ वितळलं की ती सायकल काढायची, ते थेट नोव्हेंबरपर्यंत.

उल्हास आवाज चढवणारा माणूस नव्हता. जे बोलायचं ते हसत हसत बोलायचा, आणि चार माणसं समोर असली की त्याला जास्त सुचायचं.

त्या वर्षी सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत सुलभाला नेमकं बसायच्या जागी गळू झालं. दोन दिवस ती उभ्यानं पॅडल मारत गेली. रविवारी उल्हासचा सायकलवाला मित्र सुशांत आणि त्याची बायको रेणू जेवायला आले, तेव्हा तिनं मुद्दाम विषय काढला. पाहुण्यांसमोर तो नाही म्हणणार नाही, असा तिचा हिशेब.

"माझी सीट बदलायला झालीय. खालची दांडीही गंजलीय, वरखाली होत नाही."

उल्हास खूश झाला. "चला, सगळे गॅरेजमध्ये चला!"

गॅरेजच्या भिंतीवर त्याची काळी कार्बन फायबरची सायकल टांगलेली होती. ती दर शनिवारी पुसायचं काम सुलभाचं. सायकलखाली उभं राहून उल्हासनं सुरुवात केली, "सीटची दांडी म्हणजे सीटपोस्ट. त्यात चॉइस आहे. ॲल्युमिनियम स्वस्त, पण प्रत्येक खड्डा कमरेला कळवतं. टायटॅनियम जन्मभर टिकतं, पण महाग. कार्बन हलका, हादरे पिऊन टाकतो. फक्त त्याला वजनाची लिमिट असते. सुशांत, बाथरूममधला काटा आण रे."

"राहू दे ना यार," सुशांत म्हणाला.

"अरे, सायन्स आहे!" उल्हास स्वतःच जाऊन काटा घेऊन आला आणि तो त्यानं सुलभाच्या पायांपुढे ठेवला.

ती चढली. नाही म्हटलं असतं तर ते आणखी लांबलं असतं, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. उल्हास वाकला, चष्मा वर केला, आणि मोठ्यानं वाचलं, "एकशे अठ्ठ्याऐंशी पाउंड! रेणू, ऐकलंस? हिला सीटपोस्ट कसला, विजेचा खांबच लागेल!"

सुशांत हसला. रेणू खाली बघून हसली. आणि सुलभाही हसली. नंतर कितीतरी दिवस तिला बाकी कशापेक्षा आपलं ते हसणंच जास्त खुपत राहिलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ती एकटीच सायकलच्या दुकानात गेली. दुकान डोना नावाच्या साठीच्या बाईचं. डोनानं तिला एका मऊ पाटीवर बसवलं, तिच्यावर उमटलेले बैठकीच्या हाडांचे ठसे मोजले आणि म्हणाली, "इतकी अरुंद सीट? एवढी वर्षं तुम्ही बसत कशा होता?" मग तेल सोडून, हातोडी मारून, फ्रेमला धरून बसलेली जुनी दांडी उपसून काढली.

"माझ्या वजनाला कार्बन चालणार नाही ना?" सुलभानं विचारलं.

"कोण म्हणालं? हे बघा, यावर दोनशे चाळीस पाउंड लिहिलंय." डोनाला आश्चर्य वाटलं. "पण तुम्ही ॲल्युमिनियमच घ्या. तुमची सायकल रोज स्टँडला बांधलेली असणार, खरचटणार. ॲल्युमिनियम बहुतेकदा वाकून आधी सांगतं. कार्बन नको इतका आवळला तर आतून तुटत जातो. वर केसाएवढी रेघ दिसते, नख अडकतं तिथे. मग एक दिवस एकदम जातो."

त्या संध्याकाळी सुलभा रुंद सीटवर नीट टेकून घरी आली. गळू ठणकत होतं, तरी तिला मोकळं वाटत होतं. उल्हासनं नवी सीट पाहिली आणि म्हणाला, "सोफाच बसवलास की!"

शनिवारी ती त्याची सायकल पुसत होती. सीटपोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो, तिथे तो आवळून धरणाऱ्या पट्ट्याच्या जरा वर एक रेघ होती. तिनं फडक्यानं घासली. जाईना. नख फिरवलं, तर अडकलं. उल्हास बोल्ट नेहमी अंदाजानंच पिळायचा. किती आवळलं ते दाखवणारा पाना त्याच्याकडे होता, पण "माझ्या हाताला कळतं" म्हणायचा.

ती आत गेली. तो फोनवर सुशांतशी उद्याच्या तीस मैलांचा बेत ठरवत होता.

"अहो, तुमच्या सीटपोस्टला—"

"सुशांत, ऐक," तो फोनमध्ये म्हणाला, "एक सीट काय बदलली, आमच्याकडे एक्सपर्ट तयार झालीय! अगं, चहा टाक आधी."

तिनं चहा टाकला. आलं किसलं. कप त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा फोन संपला होता आणि तो नुसताच बसला होता. बोलायला पाच मिनिटं तरी मिळाली असती. ती बोलली नाही. सकाळी तिनं त्याची पाण्याची बाटली भरून दिली, तेव्हाही नाही. तो सायकलवर बसला तसा सीटखाली बारीक करकर आवाज झाला. तिनं तो ऐकला आणि गॅरेजचं दार बंद करायचं बटण दाबलं.

अकराव्या मैलावर उतार होता. सीटपोस्ट मोडला, आणि फ्रेममध्ये उरलेला धारदार तुकडा उल्हासच्या मांडीत वरपर्यंत घुसला. कमरेचं हाड दोन जागी तुटलं. दोन ऑपरेशनं झाली. डाव्या पायात जोर परत आला नाही. त्यांची मुलगी केया सिएटलहून आली, आठवडाभर राहिली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि परत गेली.

उल्हासला उठवणं, बसवणं, बाथरूमला नेणं, सगळं सुलभाच करू लागली. असाच महिना गेला. एका दुपारी ती त्याची चादर बदलत असताना तो म्हणाला, "त्या शनिवारी तू काहीतरी सांगत होतीस."

"हो."

"काय?"

"तडा गेलाय, म्हणून."

"मग परत का नाही बोललीस?"

"तुम्ही चहा टाक म्हणालात."

एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच ओरडला. तिच्यासमोरच त्यानं केयाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. केयानं आईला फोन द्यायला सांगितलं. "आई, इज दॅट ट्रू?" सुलभा म्हणाली, "खरं आहे." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर केया फक्त वडिलांशी बोलते. फोन सुलभानं उचलला तर एवढंच म्हणते, "गिव्ह इट टू बाबा."

त्या दुपारी उल्हासनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझ्या खोलीत यायचं नाहीस तू," म्हणाला. ती बाहेर जाऊन डाळ निवडत बसली. चार वाजता त्याचा पाय आखडला. आधी त्यानं रेणूला फोन केला, ती ऑफिसात होती. सुशांतनं उचलला नाही.

शेवटी त्यानं हाक मारली. सुलभानं हातातली मूठभर डाळ निवडून होऊ दिली, आणि मग उठली.