पल्लवीच्या चौकशीला आलेला माणूस

८ जानेवारी २०१५. सकाळी मी स्लॅबवर कोहळ्याच्या वड्या घातल्या आणि दुपारच्या आत मुलीची विलायतेतली नोकरी घालवली.

दोन्ही कामं उडदाच्या पिठात बरबटलेल्या हातांनी झाली.

आमची पल्लवी तेव्हा इंग्लंडात शिकून मोकळी झाली होती. विद्यार्थी म्हणून तिथे राहायची तिची मुदत महिनाअखेर संपत होती. एका कंपनीने नोकरी देऊ केली होती; पण पक्कं पत्र हाती पडल्याशिवाय कामाचा व्हिसा नाही, आणि घरच्या पत्त्याची चौकशी झाल्याशिवाय पक्कं पत्र नाही. चौकशी बिघडली, तर पोरगी बॅग घेऊन परत सडक अर्जुनीला. तिने फोनवर मला दर वेळी बजावलं होतं, "आई, कंपनीचा माणूस आला की नीट बोलजो."

मी तयारीतच होते. विलायतेची कंपनी म्हणजे चारचाकी येणार, टाय येणार, निदान पायमोजे तरी येणार! आला तो कानटोपी घालून, मोटरसायकलच्या हँडलला वांग्यांची पिशवी लटकवून.

इथे दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. पोरगी विलायतेला गेल्यापासून आमच्या दारी स्थळांची रीघ लागली होती. आणि आमच्या पोवार समाजात स्थळाला तोंडावर नाही म्हणायची सोय नाही. ज्याला नाही म्हणावं तो पुढच्याच लग्नात आपल्या बाजूला जेवायला बसतो आणि नणंदेचा चुलतसासरा निघतो. म्हणून मी उपाय काढला होता. आपण नाही म्हणायचंच नाही, त्यांना म्हणायला लावायचं. येईल त्याच्यापुढे पोरीची अशी निंदा करायची, की तो चहा अर्धा टाकून उठला पाहिजे. मुलाकडचे लोक शेजारीपाजारीही विचारतात, म्हणून शेजारची सुमनबाई आणि कोपऱ्यावरचा किराणावाला सेठ या दोघांनाही मी पढवून ठेवलं होतं. एकही स्थळ दुसऱ्यांदा आलं नाही. (मला त्याचा अभिमान होता. तो त्या दिवशी दुपारपर्यंत टिकला.)

तर कानटोपीवाला खाली उभा राहिला आणि वर तोंड करून म्हणाला, "पल्लवीचं घर हेच का? जरा चौकशी करायची होती."

मी स्लॅबवरूनच ओळखलं. मुलाचा मामा! मुलाचा मामा कानटोपीवरून कळतो.

तो खिशातून कसलासा कागद काढू लागला. (मुलाचा बायोडाटा, दुसरं काय असणार!) मी काढू दिला नाही. म्हटलं, "कागद राहू द्या. माझे हात भरले आहेत. विचारा काय ते."

"मुलगी कधीपासून राहते इथे?"

"जन्मापासून. पण घरात टिकत नाही."

"स्वभाव?"

"तापट."

"कामाधामाला कशी आहे?"

"उठली तर चांगली आहे. उठत नाही."

त्याने कानटोपी कानांच्या वर सरकवली. मला आणखी हुरूप आला. मोठ्यांना उलटून बोलते, हातातलं काम अर्धवट टाकते, आणि कोणाच्या हाताखाली तर एक दिवस नांदायची नाही, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं. (शेवटचं वाक्य मी होणाऱ्या सासूसाठी तयार केलं होतं. ते कंपनीच्या साहेबालाही तितकंच लागू पडतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.)

मग तो सुमनबाईच्या दारात गेला. मी कठड्याला टेकून कान दिला. तिला मी फक्त "ताटं आपटते" एवढंच शिकवलं होतं. तिने परस्पर पोरीच्या हाती वरवंटा दिला! तो आमच्या स्वयंपाकघरातून उडून तिच्या कौलांवर कसा पडला आणि तिथून अजून पाणी कसं गळतं, हे तिने जागा दाखवून सांगितलं. सेठने तर गल्ल्यावरून उठायचीही तसदी घेतली नाही. "भाईसाब, लड़की होशियार है, पर उस घर से दूर रहो," असा निकाल देऊन टाकला. मोटरसायकल गेली. मी समाधानाने उरलेल्या वड्या घातल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पल्लवी होती. तिकडे अजून उजाडलंही नव्हतं.

"आई, माणूस येऊन गेला ना? घर सापडलं म्हणून त्यानं कळवल्याचा मेसेज आला."

"कोणता माणूस?"

"चौकशीवाला. कंपनीचा."

मी खाली पाहिलं. रस्त्यावर एक वांगं पडलं होतं.

"आई, तू काय सांगितलं त्याले?"

"सांगितलं थोडंफार."

"थोडं का फार?"

"तुझा आवाज तुटून राहिला," असं म्हणून मी फोन ठेवला.

हात न धुताच स्कुटी काढली. फाटकात सुमनबाई आडवी आली, "काऊन पळून राहिली, बाई?" मी दोन वाक्यांत सांगितलं. तिने एकदा आपल्या कौलांकडे पाहिलं, पदर खोचला आणि माझ्या मागे बसली. असली चौकशीची माणसं गोंदियाहूनच येतात, आणि गोंदियाकडे जाणारा माणूस कोहमाऱ्याच्या फाट्यावर जेवायला थांबतो, हे मला ठाऊक होतं. पहिल्याच ढाब्यावर वांग्यांची पिशवी दिसली. पिशवीमागे तो होता.

"साहेब," मी म्हटलं, "सकाळी सांगितलं ते सगळं खोटं आहे."

"सगळं?"

"पत्ता सोडून."

मग मी जी सुरुवात केली ती त्याच्या तीन पोळ्या संपेपर्यंत थांबले नाही. पोरगी पहाटे उठते. आवाज चढवत नाही. मोठ्यांपुढे मान वर करत नाही. (इथे सुमनबाईला ठसका लागला.) सुमनबाईनेही आपला वाटा उचलला. म्हणाली, "तो वरवंटा माह्याच हातून सुटला होता." स्वतःच्या घरातून निघालेला वरवंटा स्वतःच्याच कौलांवर बाहेरून कसा पडला, हे त्याने विचारलं नाही, ही त्याची माणुसकी. त्याने विचारलं ते वेगळंच. मुलीची उंची किती? रास कोणती? भावंडं किती? मी घाईघाईने सगळं सांगितलं. विलायतेच्या कंपनीला रास कशाला लागते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

त्याने हात धुतले, कानटोपी नीट केली आणि सकाळचा तो कागद काढून माझ्यापुढे धरला. पत्ता बरोबर आहे का, घराचं दार आहे का, शेजाऱ्याची सही. बस, एवढंच! सुमनबाईची सही त्याने वरवंट्याच्या गोष्टीआधीच घेतली होती; कागद कसला, हे तिने विचारलंच नव्हतं. चौकशी सकाळीच पार पडली होती, आणि ती उत्तम झाली होती.

"मग तो स्वभाव, ते कामधाम?" मी विचारलं.

"ते माझं घरगुती होतं, बाई. गोरेगावला माझा भाचा आहे, लग्नाचा. सकाळी तुमचं ऐकून मी विषय सोडून दिला होता. पण तुम्ही तशाच हातांनी धावत आल्या," तो गहिवरला, "म्हणजे तुमची फारच इच्छा दिसते. उद्या सकाळीच ताईला घेऊन येतो."

म्हणजे मी त्याला ओळखण्यात काडीचीही चूक केली नव्हती. मामाच होता तो!

घरी आले तर माकडांनी वड्या संपवल्या होत्या. संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. पक्कं पत्र मिळालं, आता व्हिसाचं काम मार्गी लागेल, आणि "आई, तू कायले घाबरली होती एवढी?" मी म्हटलं, मी कशाला घाबरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चारचाकी थांबली. टाय आला. पायमोजेही आले. भाचा मुलगा म्हणून बरा होता, पण आमच्या पोरीची नोकरी तिकडे आणि याचं दुकान गोरेगावात. मी चहा दिला आणि त्याच्या आईसमोर बसून म्हटलं, "मुलगी हिरा आहे, त्यात खोटं नाही. पण मुलीची आई फार भांडखोर आहे. जावयाला सुखानं जगू द्यायची नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर गल्लीत विचारून या."

ते विचारायला गेले आणि चारचाकी तिकडूनच गोरेगावला परत गेली. या वेळी मी कोणालाही काही पढवलं नव्हतं.