सयाजी सरांची कलात्मक वाकळ

कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात सयाजी सर चित्रकला शिकवत, म्हणजे फळ्यावर सुरई काढून खुर्चीत बसत. दाढी होती, झब्बा होता, खांद्याला शबनम होती. गावातल्या प्रत्येक चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला ते पहिल्या रांगेत दिसत. भिंतीवर त्यांचं चित्र मात्र कधी दिसलं नाही. आपलं काम परीक्षकांना झेपत नाही, असं ते सांगत. ते काढत त्या रंकाळा तळ्यावरच्या सूर्यास्तात न झेपण्यासारखं काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

१९९९ साली पुण्यातल्या एका संस्थेनं वस्त्रकलेचं प्रदर्शन जाहीर केलं. पहिली निवड फोटोंवरून, दुसरी प्रत्यक्ष काम बघून. जुन्या कापडाच्या गोधडीला, म्हणजे वाकळीला, शहरातले लोक तेव्हा नुकतेच कला म्हणू लागले होते. सरांनी वाकळ करायचं ठरवलं. सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण ती अडचण त्यांना तांत्रिक वाटली.

कापड मिळवणं सोपं होतं. आई, चिमणाबाई, आदल्या वर्षी वारली होती. गगनबावड्याकडच्या त्यांच्या भावकीत रीत अशी, की आईची लुगडी लेकीकडं जायची आणि लेकीनं त्यांची वाकळ शिवायची. लेक म्हणजे थोरली तानाबाई, सरांची आक्का. आक्काही काही फार प्रेमळ नव्हती. आईच्या दुखण्यात दोनदा आली आणि दोन्ही वेळा एसटी चुकेल म्हणून उठून गेली. पण लुगड्यांवरचा हक्क तिनं बाराव्यालाच सगळ्यांसमोर बोलून ठेवला होता. सर म्हणाले, आधी शहरात ड्रायक्लीन करून आणतो. आक्कानं ते शेजारीपाजारी अभिमानानं सांगितलं आणि लुगड्यांची पेटी दिली.

सरांनी लुगडी कात्रीनं कापली. गोल, त्रिकोण, लांबट पट्ट्या. त्या दुहेरी चादरीवर सुतार वापरतात त्या पांढऱ्या डिंकानं चिकटवल्या. आकृतीला नाव दिलं ‘मातृत्व’. फोटो पाठवला आणि कुणालाच कल्पना नसताना तो पहिल्या फेरीत निवडला गेला. स्टाफरूममध्ये पेढे वाटून झाल्यावर सरांनी नियम नीट वाचले. काम हातानं शिवलेलं हवं, टाका सगळ्या थरांतून आरपार गेलेला हवा आणि सगळं स्पर्धकानं स्वतः केलेलं हवं.

डिंक वाळून चादरीचा पत्रा झाला होता. बायकोनं दोन सुया मोडल्या. गल्लीतल्या शिंप्यानं बोटानं वाजवून बघितलं आणि परत दिलं. मग सरांना बहीण आठवली. ‘मातृत्वा’ची सतरंजीसारखी गुंडाळी करून ते एसटीनं तिच्या गावी गेले.

आक्कानं गुंडाळी उलगडली आणि एक तुकडा नखानं खरवडून बघितला.

“ह्ये आईचं हिरवं लुगडं हाय.”

“होतं. आता तो तिचा चेहरा आहे,” सर म्हणाले आणि गोलांवर बोट ठेवून डोळे दाखवू लागले.

“आईला दोनच डोळं हुतं, सयाजी.”

सरांनी तिसऱ्या डोळ्याचा अर्थ सांगितला. शिवण कशी घालायची, आकृती कशी हलू द्यायची नाही, हेही सांगितलं. टाके तू घातलेस हे कुठं बोलू नकोस, असं दोनदा बजावलं. आक्कानं मान डोलावली. आठ दिवसांनी ये म्हणाली.

ठरल्या दिवशी सर परत गेले तेव्हा आक्काचा नवरा पुढच्या सोप्यात झोपला होता आणि अंगावर वाकळ होती. आक्कानं चादर उकळत्या पाण्याच्या हंड्यात भिजत घातली होती. डिंक सुटला, तुकडे मोकळे झाले. ते कुंपणावर वाळवून तिनं हाताला येईल तसे जोडून टाकले होते. काम चांगलं नव्हतं. टाके अंगठ्याएवढे, कडा तिरक्या, आणि डिंक राहिलेले तुकडे टोचत होते.

सरांना राग आला असावा, पण दुसऱ्या फेरीची तारीख जवळ आली होती. त्यांनी वाकळीकडं मान तिरकी करून बघितलं. मग म्हणाले, हीच दे, हिच्यात एक वेगळीच सच्चाई आहे, प्रदर्शन झालं की आणून देतो.

“डरायक्लीन करून आणतो म्हणालतास की मागं,” आक्का म्हणाली. “तुजं चित्र हंड्यातल्या पाण्यासंगं गेलं. मागं परड्यात वतलंय, जा, बघून ये. ही आईची हाय. भिंतीला थंडी वाजती व्हय?”

दाजींनी कूस बदलली आणि वाकळ डोक्यावरून ओढून घेतली. ती अंगावरून काढण्याची हिंमत सरांमध्ये नव्हती. चहा पिऊन ते परतीच्या गाडीनं निघाले.

स्टाफरूममध्ये त्यांनी सांगितलं की परीक्षकांशी तात्त्विक मतभेद झाल्यानं काम मागं घेतलं. २००६ साली ते निवृत्त झाले. सत्कारात मुख्याध्यापकांनी पुण्याच्या पहिल्या फेरीचा राष्ट्रीय सन्मान करून टाकला आणि सरांनी दुरुस्ती केली नाही. आक्काला बोलावणं नव्हतं. लुगडी मुळातच विरलेली होती. वाकळ दोन-तीन पावसाळे टिकली, मग चिंध्या होऊन गोठ्यात रेडकाखाली गेली. आक्काला त्याचं काही वाटलं नाही. वाकळीचं तेच होतं.