लाल ठिपका

आमच्या ऑफिसातल्या पडद्यावर प्रत्येक ट्रकचा एक ठिपका असतो. गाडी धावत असली की हिरवा, थांबली की लाल. अर्धं आयुष्य मी ट्रक चालवला. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मालकांनी मला सुपरवायझर केलं आणि या पडद्यासमोर बसवलं.

खुर्चीतून लाल ठिपका म्हणजे नुसता खोळंबा वाटतो. केबिनमधून थांबणं तसं कधी दिसलं नव्हतं. तिथे थांबायचं ते टायरवर काठी मारून हवा बघायला, तोंडावर पाणी मारायला, आणि ढाब्याच्या बाजेवर पाठ टेकून अंगात भरलेली इंजिनाची थरथर उतरू द्यायला. तेही गाडी चालवण्यातच धरलेलं असायचं.

काल दुपारी घाटाच्या पायथ्याशी सलीमचा ठिपका लाल झाला. याच रस्त्यावर आम्ही वर्षानुवर्षं मागेपुढे गाड्या चालवल्या. मला तो दादा म्हणायचा. मी फोन लावला.

"काय रे सलीम, थांबलास?"

"निघतोच साहेब. नुसता चहा सांगितलाय."

मी ओशाळलो. म्हटलं, "अरे, सावकाश पी. मी आपलं सहज विचारलं."

"हो साहेब."

फोन ठेवून वर पाहिलं, तर ठिपका हिरवा झाला होता. चहा तसाच राहिला असणार. माझाही राहायचा. ऑफिसातून कुणी 'सावकाश' म्हटलं, की मीही आधी चावी फिरवायचो.