दुरुस्तीचा खर्च

मंडळी, आज बारामतीहून इंदापूरला एसटीत सीटा रिकाम्या असून आम्ही उभ्यानं आलो.

भाचीनं मुंबईत नितंब मोठे करून घेतले होते. आतलं सिलिकॉन सरकलं, आता तिला बसवत नाही. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, दुरुस्तीला पहिल्या ऑपरेशनच्या दुप्पट खर्च येईल. माझी जीभ वळवळली, पण तिच्या वडिलांनी, आमच्या दाजींनी, एवढंच विचारलं, "पोरीचं दुखायचं थांबंल न्हवं?"

एसटीत ती दांडी धरून उभी राहिली. दाजीही शेजारी.

"आबा, तुमी तरी बसा. गुडघं दुखत्यात तुमचं."

"तू एकटी हुबी दिसलीस, तर लोक इचारत बसतील."

मग मीही उठलो. कंडक्टर म्हणाला, "सीटा चावत्यात व्हय?"

लेकीला एका शब्दानं न टोचता असं उभं राहणं तुम्हाला जमलं असतं का? मला तर इंदापूरपर्यंत गप्प राहणंच जड गेलं.